तव्यावरचा लेप आणि हृदयाजवळची नळी

आमच्या वाचक भगिनींपैकीं बहुतेकींच्या स्वयंपाकघरांत आतां तो काळा, गुळगुळीत तवा येऊन बसला आहे. त्यावर घावन घातलें कीं कडेला उलथन्याचा नुसता स्पर्श पुरतो. घावन आपण होऊन सुटून येतें. घरांतील वडील बायकांनीं बिडाच्या तव्याचा कितीहि अभिमान धरला, तरी सकाळच्या घाईंत हात त्या नव्या तव्याकडेच जातो. त्यावरील लेपाचा एकच गुण आपणांस ठाऊक असतो, आणि तो हा कीं, त्यास कांहीं म्हणून चिकटत नाहीं.

परंतु ह्याच पदार्थाची काडीएवढी नळी जन्मतः निळ्या पडलेल्या अर्भकाच्या छातींत बसवितात. ह्याच पदार्थाची नळी वृद्धांच्या पायांतील बंद पडलेल्या धमनीला बगल देऊन रक्त खालीं नेते, आणि दाताच्या मुळाशीं झिजलेलें हाड पुन्हा भरावें म्हणून शस्त्रवैद्य ह्याचाच पडदा हिरडीखालीं घालीत आले आहेत. ज्याला जगांतील कोणतीच वस्तु चिकटत नाहीं, त्याला जिवंत शरीर आपल्यांत सामावून कसें घेतें, हा प्रश्न कोणाहि जिज्ञासु माणसाच्या मनांत उभा राहील. ह्या प्रश्नाचें उत्तर त्या पदार्थाला मुद्दाम पाडलेल्या अतिसूक्ष्म छिद्रांत आहे. त्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोंडलेला वायु

१९३८ सालच्या एप्रिल महिन्याच्या ६ तारखेस अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, ड्यू पाँट कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेंत, रॉय प्लंकेट नांवाचे सत्तावीस वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ व त्यांचे सहायक जॅक रीबॉक हे दोघे काम करीत होते. शीतकपाटांत वापरण्याजोगा एखादा नवा वायु त्यांना हवा होता. त्यासाठीं टेट्राफ्लुओरोएथिलीन नांवाचा वायु त्यांनीं लहान नळकांड्यांत भरून कोरड्या बर्फांत ठेवला होता. त्या दिवशीं एका नळकांड्याची चावी उघडली, तों आंतून वायु येईना. तो निसटून गेला म्हणावें, तर नळकांड्याचें वजन पहिल्याइतकेंच भरत होतें. दुसऱ्या एखाद्यानें तें बाजूस टाकून दुसरें घेतलें असतें. ह्या दोघांनीं तें करवतीनें कापलें, आणि आंत त्यांना मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी सांपडली. वायूच्या कणांनीं एकमेकांचे हात धरून लांबच लांब सांखळ्या केल्या होत्या.

ह्या सांखळीचा कणा कर्बाच्या अणूंचा असतो आणि त्याच्या सर्वांगावर फ्लुओरीनच्या अणूंचें चिलखत असतें. कर्ब व फ्लुओरीन ह्यांचें बंधन सेंद्रिय रसायनांतील अत्यंत बळकट बंधनांपैकीं एक आहे. त्यामुळें अम्लें, क्षार, तेल, पाणी ह्यांपैकीं कोणीच त्या चिलखताआड पोंचूं शकत नाहीं. हा पदार्थ वितळावयास ३२७ अंश सेंटिग्रेड इतकी उष्णता लागते. महायुद्धाच्या काळांत अणुबाँबसाठीं युरेनियमचा जो अत्यंत दाहक वायु हाताळावा लागे, त्याला दाद न देणारा पदार्थ म्हणून ह्याचा प्रथम मोठा उपयोग झाला. १९४५ सालीं त्याला टेफ्लॉन हें व्यापारी नांव मिळालें. पुढें १९५४ च्या सुमारास फ्रान्समधील मार्क ग्रेगुआर ह्यांनीं तो भांड्यांवर बसविला. ही युक्ति त्यांच्या पत्नीनें सुचविली, असें सांगतात. आणि स्वयंपाकघराचा संबंध पाहतां त्यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

एका हिसक्याची करामत

येथवर हा पदार्थ घट्ट व सलग होता. त्याला छिद्रें कशीं पडलीं, ती कथा एका कुटुंबाची आहे. बिल गोर व त्यांची पत्नी व्हीव्ह ह्यांनीं १९५८ च्या जानेवारींत अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत, न्यूअर्क येथें, आपल्या राहत्या घराच्या तळघरांत एक छोटा धंदा सुरू केला. विजेच्या तारांना टेफ्लॉनचें वेष्टण घालावयाचें, हें त्यांचें काम; आणि त्यांतील मुख्य युक्ति सुचविली ती त्यांचा विद्यार्थिदशेंतील मुलगा बॉब ह्यानें.

हा बॉब पुढें धंद्यांत आला. १९६९ च्या ऑक्टोबरांत तो टेफ्लॉनच्या कांड्या तापवून ताणून पाहत होता. कांडी थोडी जरी लांबली तरी तेवढ्याच मालांत अधिक काम होईल, असा साधा हिशेब होता. सर्व शहाण्यासुरत्या माणसांप्रमाणें तो ती हलकेच, जपून ओढी, आणि प्रत्येक वेळीं कांडी तुटे. अखेर वैतागून त्यानें एका तप्त कांडीला जोराचा हिसका दिला. ती तुटली तर नाहींच. उलट सुमारें दहापट लांबली, आणि तिची जाडी मात्र फारशी कमी झाली नाहीं.

मग वाढलेली लांबी आली कोठून? सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां उलगडा झाला. कोळ्याचें जाळें आपण पाहिलें आहे. त्यांत गांठी असतात आणि गांठीपासून गांठीपर्यंत दोरे गेलेले असतात. हिसक्यानें त्या कांडींत असेंच जाळें निर्माण झालें होतें. पदार्थाच्या लहान लहान गांठी राहिल्या, आणि त्यांच्यामधून असंख्य तलम तंतु ओढले गेले. मधल्या जागेंत हवा भरली. अशा ताणलेल्या टेफ्लॉनच्या आकारमानांत शेंकडा सत्तरपर्यंत हवाच असूं शकते. ह्याचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. न्यूझीलंडमधील जॉन क्रॉपर ह्यांनीं १९६६ सालींच अशा ताणलेल्या टेफ्लॉनची युक्ति साधिली होती, परंतु त्यांनीं ती धंद्याचें गुपित म्हणून झांकून ठेवली. ज्ञान तिजोरींत ठेवणाराचें नांव जगाच्या ओठावर येत नाहीं, हें ह्या उदाहरणावरून दिसतें.

शरीरांत प्रवेश

रक्तवाहिनी फाटली अथवा बुजली तर तिच्या जागीं दुसरी घालतां यावी, ही वैद्यांची जुनी इच्छा. रक्तवाहिन्या सुईदोऱ्यानें जोडण्याची कला आलेक्सिस कॅरल ह्यांनीं सिद्ध केली, व त्याबद्दल १९१२ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. परंतु जोडावयास नळी कोठली? न्यूयॉर्क येथील आर्थर वुर्हीज ह्यांना १९४७ सालीं एका कुत्र्याच्या हृदयांत राहिलेल्या रेशमी टांक्यावर शरीरानें स्वतःचें गुळगुळीत अस्तर चढविलेलें दिसलें. त्यावरून विणलेल्या कापडाची नळी करण्याची कल्पना त्यांना सुचली, आणि १९५२ सालीं त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढें मायकेल डीबेकी ह्यांनीं डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. ह्या नळ्या पोटांतील जाड महाधमनीला उत्तम लागू पडल्या. लहान वाहिन्यांत मात्र त्या लवकरच बुजत.

१९७१ सालीं बिल गोर कोलोरॅडोच्या पर्वतांत बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयास गेले असतां, बरोबरचे डेन्व्हरचे शस्त्रवैद्य बेन आयझमन ह्यांना त्यांनीं खिशांतून एक बारीक, ताणलेल्या टेफ्लॉनची नळी काढून दाखविली. आयझमन ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती डुकरांच्या शिरांत बसवून पाहिली, आणि १९७२ सालीं तिचें यश जाहीर केलें. त्याच सुमारास जपानांतहि असे प्रयोग चालले होते. दोनचार वर्षांत ती मनुष्याच्या देहांत पोंचली. पहिल्या नळ्यांपैकीं कांहीं रक्ताच्या दाबानें फुगूं लागल्या, तेव्हां बाहेरून एक बळकट पातळ वेष्टण गुंडाळून हा दोष दूर करण्यांत आला.

निळीं बाळें

ह्या नळीचा सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग तान्ह्या मुलांसाठीं होतो. कांहीं मुलांच्या हृदयाची रचना जन्मतःच अशी असते कीं, फुप्फुसांकडे पुरेसें रक्त जात नाहीं. रक्ताला प्राणवायु कमी पडतो. ओठ, नखें निळीं पडतात. मूल दूध ओढतांना धापा टाकतें. पूर्वीं अशा मुलाकडे पाहून नशिबाला बोल लावण्यापलीकडे आईबापांच्या हातीं कांहीं नसे.

१९४४ च्या नोव्हेंबरांत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत आल्फ्रेड ब्लॅलॉक ह्यांनीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर एक नवी शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणारी धमनी वळवून त्यांनीं ती फुप्फुसाच्या धमनीला जोडली. ही कल्पना डॉ. हेलन टॉसिग ह्या विदुषीची होती. कुत्र्यांवर शेंकडों वेळां प्रयोग करून टांके कसे घालावयाचे हें बसविलें, तें व्हिव्हियन टॉमस ह्या कृष्णवर्णी सहायकानें. त्याचें शिक्षण शाळेपुरतेंच झालेलें होतें. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळीं तो ब्लॅलॉक ह्यांच्या खांद्यामागें उभा राहून त्यांना सूचना देत होता. त्याचें नांव पुष्कळ वर्षें कोणी घेतलें नाहीं, म्हणून आम्ही येथें मुद्दाम घेत आहों.

ह्या युक्तींत हाताचें रक्त कमी होई. ताणलेल्या टेफ्लॉनची नळी आल्यावर ती अडचण उरली नाहीं. लंडनचे मार्क द लव्हाल ह्यांनीं १९८१ सालीं वर्णिलेल्या पद्धतींत हाताची धमनी जागच्या जागीं राहते, आणि ती व फुप्फुसाची धमनी ह्यांच्यामध्यें साडेतीन ते पांच मिलिमीटर व्यासाची एक आंखूड नळी पुलासारखी बसवितात. मूल मोठें होऊन पुढील पूर्ण शस्त्रक्रिया सोसण्याइतकें सशक्त होईतों हा पूल त्याला जगवितो.

छिद्रांचें माप

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एक मिलिमीटराचे हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपला केस सुमारें सत्तरऐशीं मायक्रोमीटर जाड असतो. रक्तांतील तांबडी पेशी सातआठ मायक्रोमीटरांची. रक्तवाहिनीसाठीं जी नळी करतात, तींत गांठीगांठींमधील अंतर साधारणतः ३० मायक्रोमीटर असतें. तंतूंना स्वतः कोणी चिकटत नाहीं हें खरें; परंतु वेल जसा जाळीच्या चौकटीला न चिकटतांहि तिच्या आरपार वाढून तींत गुंततो, तशा शरीराच्या पेशी बाहेरून ह्या जाळींत शिरून आपले तंतु विणतात, आणि नळी आजूबाजूच्या मांसांत रुजते. पदार्थ अक्रिय असल्यामुळें शरीर त्याशीं भांडत नाहीं, आणि जाळी असल्यामुळें तें त्याला धरूं शकतें.

म्हणजे छिद्र हें एक दार आहे, आणि तें किती उघडावयाचें हें शस्त्रवैद्याच्या हातीं आहे. हृदयावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार असेल, तर हृदय छातीच्या हाडाला चिकटूं नये म्हणून मध्यें मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ पडदा घालतात. त्याचीं छिद्रें इतकीं बारीक असतात कीं पेशी आंत शिरतच नाहीं, आणि दार बंद राहतें. नळींत दार उघडें असतें. दांतांच्या बाबतींत मात्र दाराशीं पहारेकरी बसवावा लागतो, आणि ती युक्ति फार मौजेची आहे.

हिरडीच्या रोगानें दाताभोंवतींचें हाड झिजतें. वैद्य तेथील घाण काढून जखम शिवतो. परंतु नव्यानें पेरलेल्या वाफ्यांत पिकाआधीं तण माजावें, तसें तेथें होतें. हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी चपळ. त्या झपाट्यानें खालीं उतरून मोकळी जागा बळकावतात. हाडाच्या व दाताला धरणाऱ्या तंतूंच्या पेशी सावकाश वाढणाऱ्या. त्या येईतों जागा उरत नाहीं. स्वीडनमधील स्टुरे नीमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं दोहोंच्यामध्यें गाळण्याचा पडदा घालून चपळ पेशींना अडविलें, तेव्हां मागें पडलेल्या पेशींनीं आपली जागा स्वतः भरून काढली. लवकरच ह्या कामीं ताणलेल्या टेफ्लॉनचे पडदे आले. १९८८ सालीं दालीन ह्यांनीं उंदरांच्या जबड्यांतील भोंकांवर असा पडदा झांकला असतां, तीं हाडानें भरून आल्याचें दाखविलें. हा पडदा मागाहून काढून घ्यावा लागे. म्हणून आतां आपोआप विरघळणारे कोलॅजनचे पडदे बहुधा वापरतात. तत्त्व मात्र तेंच राहिलें आहे. ह्या तत्त्वाला ऊतकांचें मार्गदर्शित पुनर्जनन म्हणतात. ऊतक म्हणजे एका कामाच्या पेशींचें विणलेलें जाळें. वैद्यानें अवयव घडवावयाचा नाहीं. शरीरानें घडवावा म्हणून जागा राखून ठेवावयाची.

जिवंत अस्तर

ह्या नळीचें एक मोठें वैगुण्य अजून उरलें आहे. आपल्या खऱ्या रक्तवाहिनीला आंतून एकाच थराचें जिवंत अस्तर असतें, आणि तेंच रक्त गोठूं देत नाहीं. कृत्रिम नळीला हें अस्तर जोडाजवळ थोडेंसें येतें. पुढें सरकत नाहीं. नळी जाड असली तर रक्ताच्या वेगानें निभावतें. सहा मिलिमीटरांपेक्षां ती बारीक झाली, कीं बुजण्याचें भय फार वाढतें. अमेरिकेंत अलेक्झांडर क्लाउस ह्यांनीं १९८६ सालीं ६० मायक्रोमीटर अंतराच्या नळ्या बबून माकडांत घातल्या. जाळींतून सूक्ष्म रक्तवाहिन्या आरपार शिरल्या आणि नळीला आंतून अस्तर आलें. सर्वांना आनंद झाला. परंतु माणसांत तशाच नळ्या घातल्या असतां तो लाभ दिसला नाहीं. माकडाला जें साधतें तें माणसाला साधतेंच असें नाहीं, ही नम्रता विज्ञानाला वारंवार शिकावी लागते.

मग दुसरा मार्ग निघाला. अस्तर येत नसेल तर आपणच तें पेरावें. १९७८ सालीं माल्कम हेरिंग ह्यांनीं रोग्याच्याच शिरेंतून पेशी घेऊन नळीवर लावण्याची रीत सांगितली. व्हिएन्नांत पीटर झिला, मानफ्रेड डॉइच आदि वैद्यांनीं १९८९ पासून ती धीरानें पुढें नेली. रोग्याच्या हातांतील शिरेचा तुकडा घ्यावयाचा, त्यांतील पेशी प्रयोगशाळेंत कित्येक आठवडे वाढवावयाच्या, आणि नळीला आंतून त्यांचें पूर्ण अस्तर चढवून मग ती पायांत बसवावयाची. अशा नळ्या साध्या नळ्यांपेक्षां पुष्कळ अधिक काळ वाहत्या राहिल्या. पण ज्याचा पाय आजच काळा पडूं लागला आहे, त्यानें इतके आठवडे थांबावें कसें? शिवाय खर्च व कसबी माणसें हवींत. म्हणून ही रीत अद्याप घरोघरच्या रुग्णालयांत आली नाहीं. बऱ्याच नळ्यांना आतां हेपॅरिन हें रक्त गोठूं न देणारें औषध आंतून बांधलेलें असतें, तो ह्यावर मध्यम तोडगा होय.

ह्याच कुळांतील पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड ह्या दुसऱ्या एका पदार्थाचीहि ओळख करून देतों. हाडाला दाबलें असतां त्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते, असें जपानांतील फुकादा व यासुदा ह्यांनीं १९५७ सालीं दाखविलें. १९६९ सालीं कावाइ ह्यांना हाच गुण, पुष्कळ अधिक प्रमाणांत, ह्या पदार्थांत आढळला. विजेच्या दाबानें त्याचे अतितलम तंतु ओढून सच्छिद्र पडदे करतात, आणि त्यांवर हाडाच्या व मज्जातंतूंच्या पेशी वाढवून पाहतात. हें काम मुख्यतः प्रयोगशाळेंतच चाललें आहे.

दुसरी बाजू

जें अक्रिय तें निरुपद्रवी, असा सरसकट निष्कर्ष काढणें मात्र घातक ठरलें आहे. इंग्लंडचे जॉन चार्नली ह्यांनीं १९५८ पासून कृत्रिम खुब्याच्या सांध्यांत टेफ्लॉनची वाटी बसविली. निसरडेपणा पाहून सर्वांस ती आदर्श वाटली. परंतु तीनचार वर्षांत वाट्या झिजल्या, भुकटीनें भोंवतालचें मांस व हाड सडलें, आणि सुमारें तीनशें रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी आली. चार्नली ह्यांनीं ती भुकटी स्वतःच्या मांडींत टोंचून घेऊन खात्री करून घेतली, आणि १९६२ सालीं दुसरा पदार्थ स्वीकारला. तरीहि पुढें अमेरिकेंत जबड्याच्या सांध्यांत टेफ्लॉन घातलें गेलें. १९९० च्या सुमारास तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें, तोंवर कित्येकांचें हाड खाऊन गेलें होतें. जो पदार्थ स्थिर जागीं सोन्यासारखा, तोच घासणाऱ्या जागीं विष होतो.

हा पदार्थ तयार करतांना वापरलेल्या फ्लुओरीनयुक्त साबणासारख्या द्रव्यांनीं अमेरिकेंत कारखान्यांभोंवतींचें पाणी दूषित झालें. त्यांपैकीं मुख्य द्रव्यावर २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय करारान्वयें बंदी आली. अशा सर्वच द्रव्यांवर निर्बंध घालावे, असा प्रस्ताव युरोपांतील पांच देशांनीं २०२३ सालीं मांडला. वैद्यकीय नळ्यांचें काय करावयाचें, हा त्यांतील एक अवघड प्रश्न आहे.

आपणांस काय घ्यावयाचें

२०१७ सालीं नळीची प्रमुख उत्पादक कंपनी, किंमतीचा वाद होऊन, दक्षिण कोरियांतील बाजारांतून निघून गेली. रुग्णालयांनीं सांठवलेल्या नळ्या संपत आल्या, आणि २०१९ च्या आरंभीं मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडूं लागल्या. आईबापांनीं हंबरडा फोडला, सरकार हललें, आणि पुरवठा पुन्हा सुरू झाला. कारागिरांच्या कसबाला आणि बुद्धीला तोटा नसलेल्या देशांतहि काडीएवढ्या नळीसाठीं लेकरें खोळंबलीं, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अशा वस्तु आपल्या देशांत उत्तम प्रतीच्या होणें ही चैन नव्हे.

कुटुंबापुरतें पाहिलें तर ह्या नळीशीं आपला संबंध बहुधा मूत्रपिंडाच्या रोगामुळें येतो. रक्तशुद्धीसाठीं हातांतील धमनी व शीर थेट जोडतात; शिरा चांगल्या असतील तर हा स्वतःच्या शिरांचा जोड अधिक टिकतो, म्हणून वैद्य प्रथम तोच सुचवितात. तो साधत नसेल तर मध्यें टेफ्लॉनची नळी घालतात. घरांत असे वडील मनुष्य असल्यास त्या हातावर रक्तदाब मोजूं देऊं नये, त्यांतून परीक्षेसाठीं रक्त काढूं देऊं नये, त्या हातानें जड ओझें उचलूं देऊं नये. आणि नळीवर बोट ठेवून तिची थरथर रोज पाहावी. ती थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां वैद्य गांठावा. घरांतील दहाबारा वर्षांच्या मुलालाहि हें शिकवितां येतें, आणि आजोबांची रोजची थरथर पाहण्याचें काम त्याच्याकडेच सोंपवावें, असें आम्ही सुचवितों.